दंतवैद्यांच्या नोंदवहीचा ‘ब’ भाग

(१)

आमच्या संशोधकांचें लक्ष सनदा, महजर आणि वतनपत्रें यांकडे जितकें आहे, तितकें गेल्या शंभर वर्षांतील छापील सरकारी कागदांकडे नाहीं. जें छापलें गेलें तें सर्वांस ठाऊकच असणार, त्यांत शोधावयाचें तें काय, अशी एक समजूत संग्राहकांत रूढ आहे. परंतु छापील कायद्याचें कलमहि जुन्या महजरासारखेंच शब्दाशब्दानें वाचावें लागतें. एखादा शब्द कोठून आला, मूळ मसुद्यांतील कोणता शब्द वाटेंत गळला, आणि गळलेल्या शब्दाच्या जागीं काय आलें, हें पाहिलें म्हणजे कलम लिहिणारांच्या मनांतील अडचण उघड होते. प्रस्तुत लेखांत अशाच एका कायद्याचा आणि त्यान्वयें सिद्ध झालेल्या एका नोंदवहीचा विचार करावयाचा आहे. कायदा १९४८ चा, दंतवैद्यांसंबंधींचा. आणि नोंदवही म्हणजे त्या कायद्यानें प्रांतोप्रांतीं तयार करविलेली दंतवैद्यांची नोंदवही. तिचे भाग दोन : ‘अ’ आणि ‘ब’.

सामान्य समज असा आहे कीं, स्वातंत्र्याच्या वेळीं या देशांत दंतवैद्य सुमारें एक हजार होते, आणि दांतांच्या रोगांवर उपचार करणाऱ्या मनुष्यबळाचा इतिहास त्या हजारांपासून सुरू होतो. हा समज निराधार नाहीं; पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग ‘ब’ या अक्षराखालीं नोंदलेला आहे, आणि त्याकडे अद्याप कोणी पुरतें पाहिलेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

(२)

एक हजार हा आकडा आला कोठून, हें प्रथम पाहूं. १९४३ च्या आक्टोबरांत हिंदुस्थान सरकारनें आरोग्याची पाहणी करून पुढील योजना सुचविण्यासाठीं एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशकास जन्मलेले व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेले मुलकी अधिकारी. त्यांच्याच नांवानें ती समिति आज ओळखली जाते. तिचा अहवाल १९४६ सालीं चार खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांत मनुष्यबळाचें जें कोष्टक आहे तें पुढील सर्व योजनांचें मूळ होय.

त्या कोष्टकाप्रमाणें ब्रिटिश हिंदुस्थानांत डॉक्टर ४७,५००, परिचारिका ७,०००, सुइणी ५,०००, पात्रताधारक दंतवैद्य १,००० आणि पात्रताधारक औषधनिर्माते अवघे ७५ होते. लोकसंख्येशीं प्रमाण घातलें तर ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर, ४३,००० माणसांमागें एक परिचारिका, तीन लक्ष माणसांमागें एक दंतवैद्य आणि चाळीस लक्षांमागें एक औषधनिर्माता. त्या वेळच्या ब्रिटनमध्यें २,७०० माणसांमागें एक दंतवैद्य होता. समितीनें १९७१ साल हें लक्ष्य धरिलें आणि त्या सालीं ४,००० माणसांमागें एक दंतवैद्य असावा, म्हणजे एकूण ९२,५०० असावेत, असें ठरविलें.

या आकड्यांचा आम्हीं ताळा करून पाहिला. एक हजारास तीन लक्षांनीं गुणिलें कीं तीस कोटि येतात. डॉक्टरांचा आणि औषधनिर्मात्यांचा हिशेबहि तेवढ्यावरच येऊन मिळतो. ९२,५०० ला चार हजारांनीं गुणिलें तर सदतीस कोटि होतात. म्हणजे कोष्टक करणारांनीं तीस कोटींची वस्ती पंचवीस वर्षांत सदतीस कोटींवर जाईल असें गृहीत धरून, तीस एका इष्ट प्रमाणानें भागिलें आणि येईल तो भागाकार लक्ष्य म्हणून मांडला. मनुष्यबळाच्या योजनेची ही सर्वांत साधी रीत होय, आणि नव्यानें स्वतंत्र झालेल्या बहुतेक देशांनीं पुढें तीच उचलली. रीत सोपी आहे. पण ती माणसें मोजते, काम मोजीत नाहीं. कोणत्या वयाच्या किती लोकांचे दांत किडलेले आहेत, त्यांतील किती काम पांच वर्षें शिकलेल्या माणसानेंच करावयास हवें आणि किती काम दोन वर्षें शिकलेला करूं शकेल, या प्रश्नांस त्या भागाकारांत जागा नाहीं.

दुसरी गोष्ट अशी. डॉक्टरांची संख्या ४७,५०० वरून १,८५,००० वर न्यावयाची होती, म्हणजे सुमारें चौपट. दंतवैद्यांची संख्या मात्र ब्याण्णवपट व्हावयाची होती. मृत्यु आणि निवृत्ति बाजूस ठेवली तरी पंचवीस वर्षें दर वर्षीं ३,६०० हून अधिक नवे दंतवैद्य बाहेर पडावयास हवे होते. एका महाविद्यालयांतून वर्षास पन्नास विद्यार्थी उत्तीर्ण होतात असें मानलें तर पहिल्याच वर्षापासून सत्तरांहून अधिक महाविद्यालयें हवीं होतीं. त्या वेळीं तीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. तेव्हां लक्ष्य आणि साधन यांत किती अंतर होतें, हें कोष्टकाच्या जन्मकाळींच दिसण्यासारखें होतें.

आणि तिसरी गोष्ट, जी आमच्या विषयाशीं मुख्यत्वेंकरून संबद्ध आहे ती, एका विशेषणाची. कोष्टकांत ‘दंतवैद्य’ एवढेंच म्हटलेलें नाहीं. ‘पात्रताधारक दंतवैद्य’ असें म्हटलें आहे. ज्यांच्यापाशीं पदवी नव्हती ते गणतींत धरलेच नाहींत. तीन लक्षांमागें एक हें प्रमाण पदवीधरांचें आहे, दांत काढणारांचें नव्हे.

(३)

मग लोकांचे दांत कोण काढीत होतें ? विद्या येथें नवी नव्हती. सुश्रुतानें शस्त्रें मोजतांना दंतशंकूचें नांव घातलें आहे. परंतु ग्रंथांतील विद्या आणि गांवांतील हात यांचा संबंध मधल्या काळांत फारसा राहिला नव्हता. पेठेंत, बाजाराच्या दिवशीं, जत्रेंत चादर पसरून बसणारा दांतवाला, वैदू, क्वचित् न्हावी, आणि मोठ्या शहरांत कवळ्या बसविणारे कारागीर, यांच्या हातीं हें काम होतें. कलकत्त्यास चीनच्या हूपे प्रांतांतून आलेल्या कुटुंबांनीं दांत बसविण्याचा धंदा वंशपरंपरेनें चालविला. हे लोक कागद ठेवणारे नव्हते. बलुतेदारांचा हक्क तरी निवाडपत्रांत सांपडतो. फिरत्या दांतवाल्याचा कोठेंच सांपडत नाहीं.

पदवीच्या बाजूनें पाहिलें तर या विद्येचें पहिलें घर कलकत्त्यास उभें राहिलें, आणि तें सरकारनें नव्हे, तर एका खाजगी गृहस्थानें उभें केलें. डॉ. रफीउद्दीन अहमद हे अमेरिकेंत आयोवा विद्यापीठांतून १९१५ सालीं पदवीधर झाले. बोस्टन येथें मुलांच्या दंतरुग्णालयांत कांहीं वर्षें काम करून १९१९ त परतले, आणि १९२० सालीं त्यांनीं दंतवैद्यकाचें महाविद्यालय काढलें. त्यास पैसा पुरविला तो त्यांनीं स्वतः चालविलेल्या ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ या शीतपेयांच्या दुकानानें. पुढें १९२५ सालीं त्यांनीं दंतवैद्यकाचें नियतकालिक सुरू केलें, आणि १९४९ सालीं महाविद्यालय पश्चिम बंगालच्या सरकारच्या स्वाधीन केलें. कलकत्त्यास दंतवैद्यक शिकून मुंबईस १९२३ सालीं दवाखाना घालणाऱ्या फातिमा जिना या पुढें राजकारणांत प्रसिद्ध झाल्या. पण मुंबईच्या आरंभींच्या स्त्री-दंतवैद्यांत त्यांची गणना करावयास हवी, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ सालीं निघालें.

येथें एक भेद लक्षांत ठेवावा. बंगाल्यांत विद्यालय आधीं झालें, त्यांतून शिकलेल्यांची संघटना झाली, आणि त्या संघटनेच्या खटपटीनें १९३९ सालीं बंगालचा दंतवैद्य कायदा झाला. विद्या, मंडळ, कायदा असा हा क्रम आहे. अखिल हिंदुस्थानाच्या बाबतींत कायदा आधीं आला आणि विद्यालयें मागाहून यावयाचीं होतीं. हा उलटा क्रम पुढील सर्व अडचणींचें एक कारण होय.

(४)

आतां १९४८ च्या कायद्याकडे वळूं. नोंदवही पहिल्यानें तयार होतांना तींत नांव घालण्याचा अधिकार कायद्यानें दोन प्रकारच्या लोकांस दिला. पहिला प्रकार मान्य पदवी असणारांचा. हा भाग ‘अ’. दुसरा प्रकार पदवी नसून ठरलेल्या तारखेपूर्वीं निदान पांच वर्षें दंतवैद्यक हेंच ज्यांच्या उपजीविकेचें मुख्य साधन होतें त्यांचा. हा भाग ‘ब’. ठराविक मुदतीनंतर नोंद नसलेल्या माणसानें हा धंदा करूं नये, अशी बंदी पुढील कलमांत घातली आहे.

‘उपजीविकेचें मुख्य साधन’ हे शब्द या देशांत घडलेले नाहींत. ब्रिटनमध्यें १८७८ च्या कायद्यानें दंतवैद्यांची नोंद सुरू झाली, पण बिगरनोंदीचा धंदा बंद झाला नाहीं. तो बंद झाला १९२१ च्या कायद्यानें. त्या वेळीं धंद्यांत असलेल्या बिनपदवीच्या लोकांस एकदम उपाशी मारणें शक्य नव्हतें, आणि त्यांच्यावांचून लोकांचें चालण्यासारखेंहि नव्हतें. म्हणून मागील सात वर्षांपैकीं कोणतींहि पांच वर्षें ज्यांनीं दंतवैद्यक हें उपजीविकेचें मुख्य साधन म्हणून केलें, त्यांस नोंद देण्यांत आली. सत्तावीस वर्षांनंतर दिल्लीस तेंच माप, त्याच शब्दांत उतरलेलें दिसतें. फरक एवढाच कीं, ‘सातांपैकीं पांच’ याच्या जागीं नुसतें ‘पांच’ आलें.

परंतु खरा महत्त्वाचा पाठभेद याच्या पुढें आहे. ब्रिटिश कायद्यानें बंदीस जे अपवाद ठेविले त्यांत एक असा : निकड असेल आणि डॉक्टर वा दंतवैद्य मिळत नसेल, तर नोंदलेल्या औषधविक्रेत्यानें दांत काढण्यास हरकत नाहीं, मात्र बधिर करण्याचें वा गुंगीचें औषध वापरूं नये. हिंदी कायद्यांत हाच अपवाद, हीच निकडीची अट आणि हाच औषधाचा निर्बंध आला आहे. पण ‘औषधविक्रेता’ हा शब्द मात्र गळला, आणि त्याच्या जागीं ‘कोणतीहि व्यक्ति’ असे शब्द आले.

हा शब्द कां गळला असावा ? मसुदा करणारांचें टिपण आमच्यापुढें नाहीं. तेव्हां हें आमचें अनुमान आहे असेंच वाचकांनीं समजावें. पण अनुमानास आधार भोर समितीच्याच कोष्टकांत आहे. ज्या देशांत पात्रताधारक औषधनिर्माते तीस कोटींत पंचाहत्तर होते, तेथें दांत काढण्याची मुभा औषधविक्रेत्यास देणें म्हणजे कोणासच न देण्यासारखें होतें. म्हणून कायद्याच्या लेखण्यांनीं दार पूर्ण उघडलें : निकड असेल आणि नोंदलेला दंतवैद्य मिळत नसेल, तर कोणींहि दांत काढावा, फक्त बधिर न करतां काढावा. आमच्या मतें या एका वाक्यांत मनुष्यबळाच्या टंचाईची जितकी स्पष्ट कबुली आहे, तितकी कोणत्याहि अहवालांत नाहीं. आणि तिची झळ कोणास लागली हेंहि त्यांतच लिहिलें आहे. ज्या गांवीं दंतवैद्य होता तेथें दांत औषध देऊन निघाला. ज्या गांवीं नव्हता तेथील शेतकऱ्याचा दांत कायद्यानेंच वेदनेसहित काढावयाचा ठरला.

(५)

१९२१ साल आणखी एका कारणासाठीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ज्या सालीं ब्रिटननें बिनपदवीच्या लोकांस दार लावलें, त्याच सालीं न्यूझीलंडनें एक निराळेंच दार उघडलें. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं तेथील तरुणांचे दांत फार वाईट असल्याचें सैन्यभरतींत दिसून आलें होतें. तेव्हां वेलिंग्टन येथें थॉमस हंटर यांच्या पुढाकारानें तरुण स्त्रियांस दोन वर्षें शिक्षण देऊन शाळांतील मुलांचे दांत तपासणें, भरणें व काढणें हीं कामें त्यांच्यावर सोंपविण्याची योजना सुरू झाली. या ‘शालेय दंतपरिचारिका’ होत. येथें आधीं काम मोजलें. तें कोणत्या वयाच्या मुलांचें आहे हें ठरविलें. आणि मग त्या कामापुरता माणूस तयार केला. योजनेची ही दुसरी रीत.

ही रीत पूर्वेकडेहि आली. मलायांत पेनांग येथें १९४९ सालीं अशा परिचारिकांचें विद्यालय निघालें. सिलोनांत कोलंबो योजनेखालीं न्यूझीलंडच्या साहाय्यानें तशीच व्यवस्था झाली. १९४९ सालींच, एप्रिलांत, दिल्लीस भारतीय दंतवैद्यक परिषद स्थापन झाली. एकाच सालीं दोन शेजारी देशांनीं दोन निरनिराळ्या वाटा धरिल्या, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

भारतीय कायद्यांत साहाय्यकांचे वर्ग नाहींत असें मात्र नाहीं. दांत घासून स्वच्छ करणारा ‘हायजिनिस्ट’ आणि कवळ्या तयार करणारा ‘मेकॅनिक’ अशा दोन वर्गांच्या स्वतंत्र नोंदवह्या त्यांत सांगितल्या आहेत. पण हायजिनिस्टानें दांत भरावयाचा नाहीं, काढावयाचा नाहीं. आणि मेकॅनिकाचें काम तोंडाच्या बाहेरचें. दांतांत हात घालून उपचार करणारा, पण पदवीधर नसलेला, असा तिसरा वर्ग कायद्यानें निर्माण केला नाहीं. तो वर्ग ‘ब’ भागांत होता. परंतु तो वाढविण्यासाठीं नव्हे, तर हळूहळू संपविण्यासाठीं तेथें ठेविलेला होता.

१९५८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या एका तज्ज्ञसमितीनें दंतवैद्यांची फार टंचाई असलेल्या देशांसाठीं दोन नवे वर्ग सुचविले : सुमारें दोन वर्षें शिकलेला ‘दंत लायसेन्शिएट’, आणि कांहीं महिने शिकलेला, वेदना थांबविण्यापुरतें काम करणारा ‘दंतसहायक’. पाहिलें तर हे दोन वर्ग नवे नव्हते. त्यांतील दुसरा आमच्या बाजारांत चादर पसरून बसलेलाच होता. त्यास चार महिने शिकवावें आणि उकळलेलीं हत्यारें हातीं द्यावींत, एवढेंच राहिलें होतें. येथें तो वर्ग रुजला नाहीं. पदवीधरांचा आक्षेप असा कीं, अर्धशिक्षितास एकदां हातीं शस्त्र दिलें म्हणजे तो गांवांत राहत नाहीं, शहरांत येऊन पाटी लावतो. हा आक्षेप खोटा नव्हता. पण पदवीधरहि गांवांत राहिला नाहीं, हें त्या आक्षेपाच्या उत्तरादाखल नमूद केलें पाहिजे.

(६)

१९७१ साल उजाडलें. शिरगणतींत स्वतंत्र भारताची लोकसंख्या ५४ कोटि ८० लक्ष भरली. फाळणीनें तुटलेला मुलूख वजा होऊन आणि संस्थानें मिळून झालेली ही संख्या समितीच्या सदतीस कोटींशीं थेट ताडून पाहतां येत नाहीं. दंतवैद्यांची संख्या मात्र ९२,५०० च्या आसपासहि नव्हती. तो आकडा ओलांडण्यास एकविसावें शतक यावें लागलें. मग तो ओलांडला तो झपाट्यानें : दंतमहाविद्यालयें तीनशेंहून अधिक झालीं, नोंदलेले दंतवैद्य अडीच लक्षांच्या वर गेले. महाविद्यालयांपैकीं बहुसंख्य खाजगी असून कर्नाटक, महाराष्ट्र अशा थोड्या राज्यांत तीं दाटलेलीं आहेत. भागाकार एकदांचा जमला. पण दंतवैद्य शहरांत राहिला आणि दुखणारा दांत खेड्यांत. नवे पदवीधर शहरांत काम मिळत नाहीं म्हणून तक्रार करतात, आणि तालुक्याच्या गांवापलीकडे ‘कोणतीहि व्यक्ति’ हा १९४८ चा अपवाद पुढेंहि आपलें काम करीत राहिला. इष्ट प्रमाण गांठलें म्हणजे योजना साधली, हें गृहीत कसें फसलें याचें याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

यावरून भोर समितीस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. पुरेसे आकडे नसतां युद्धकाळांत तिनें जें काम केलें तें मोठेंच होय. दोष असेल तर तो कोष्टकास योजना समजणाऱ्या पुढील पिढ्यांचा.

(७)

आतां ‘ब’ भागाच्या ऐतिहासिक मोलाविषयीं थोडें लिहून हा लेख पुरा करूं.

शतकानुशतकें कागदावर न आलेला एक धंदा, बंद होण्याच्या क्षणीं, कायद्याच्या धाकानें का होईना, एकदां कागदावर आला. ज्याचें नांव कोणत्याहि दप्तरांत नव्हतें त्यास अर्ज करून आपण पांच वर्षें हाच धंदा करीत आहों, हें दाखवावें लागलें. पुढील दुरुस्त्यांनीं पाकिस्तानांतून आलेले विस्थापित, तसेच ब्रह्मदेश, सिलोन व युगांडा येथून परतलेले लोक यांसहि या भागांत जागा मिळाली. म्हणजे ही नोंदवही केवळ धंद्याची नव्हे, तर देशोधडीस लागलेल्या माणसांचीहि नोंद आहे. इनाम कमिशनानें वतनदारांकडून कागद मागविले, म्हणून आज आपणांस घराण्यांचे इतिहास लिहितां येतात. ‘ब’ भागाच्या अर्जांचें मोल त्याच जातीचें आहे.

या नोंदवह्या राज्यांच्या दंत परिषदांकडे असावयाच्या. ‘ब’ भागांतील माणसें वयोमानानें जवळजवळ सर्व निघून गेलीं आहेत. तेव्हां चालू कामकाजास त्या पानांची गरज उरलेली नाहीं, आणि ज्या पानांची गरज उरत नाहीं त्यांचें काय होतें हें दप्तरें पाहणारांस सांगावयास नको. २०२३ सालीं संसदेनें राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला असून त्यांत देशव्यापी नोंदपत्रकाची तरतूद आहे. नवें पत्रक होईल तेव्हां जिवंत नांवें तेवढीं पुढें जातील. मेलेलीं नांवें आणि त्यांच्यासोबतचे अर्ज मागें राहतील. म्हणून आमची सूचना अशी : प्रत्येक राज्याच्या जुन्या नोंदवह्यांच्या, विशेषतः ‘ब’ भागाच्या आणि त्याच्या अर्जांच्या, छायाप्रति घेऊन त्या पुराभिलेखागारांत ठेवाव्या.

संग्राहकांस एक विनंति. ताम्रपट आणि मोडी रुमाल यांच्या जोडीस कोणाच्या माळ्यावर एखाद्या दांतवाल्याची पाटी, चिमट्यांची पेटी, नोंदणीचें प्रमाणपत्र वा गिऱ्हाइकांची वही आढळली, तर ती मोडींत घालूं नये. तिच्यावर नांव, गांव आणि साल एवढें जरी मिळालें तरी आमच्या ‘एक हजार’ या आकड्याबाहेरचा एक माणूस इतिहासांत जमा होईल. किती माणसें जमा करावयाचीं राहिलीं आहेत तें नोंदवह्या हातीं आल्यावरच कळेल. आणि त्या हातीं येईपर्यंत, तीस कोटींत दंतवैद्य हजारच होते असें ठाम विधान कोणीं करूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.